कुणाच्या हुकुमानं वाजवायचं?



सोलापूरहून हैदराबादेकडं जाणारा रस्ता नळदुर्ग ओलांडून नऊ किलोमीटरवर आमच्या जळकोटात येतो. तुळजापूर तालुका, जिल्हा धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद. पोलीस ॲक्शनच्या इतिहासात या गावाचं नाव आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेचे रणगाडे नळदुर्ग घेऊन सकाळीच जळकोटात शिरले. फौज कुठली, किती वाजता आली, पुढं कुठं गेली, सगळं लिहून ठेवलंय. पण या गावात पिढ्यान्‌पिढ्या लग्नाला, मयताला, पोळ्याला, जत्रेला कोण वाजवत होतं, ते कुणी लिहून ठेवलं नाही. ते आमच्या मांगवाड्यातले होते. त्यांतला एक माझा बा.

बा हलगी वाजवायचा. गावाच्या तोंडी मात्र तिला हलगी म्हणत नसत. डफडं म्हणत. पाचटाचा जाळ करायचा, त्यावर कातडं शेकायचं, बोटानं टिचकी मारून बघायची, खणखणीत बोलायला लागली की खांद्याला अडकवायची. एका हातात आखूड जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. वरात निघाली की बा पुढं. हळद, लग्न, वरात, सगळं त्याच्या हातावर चालायचं. पण मांडवात त्याला जागा नसायची. पंगती उठल्या, गडीमाणसं जेवली, की मग मांडवाच्या बाहेर, उकिरड्याच्या कडेला आमची पंगत. पत्रावळीवर वरून वाढायचे. मी लहान होतो. मला वाटायचं, ज्याच्याबिगर लग्न लागत नाही, तो सगळ्यात शेवटी का जेवतो?

आणखी एक गोष्ट लई उशिरा ध्यानात आली. तेच कातडं, तेच कडं शाहिराच्या हातात गेलं की त्याला 'डफ' म्हणतात. डफावर थाप पडली की पोवाडा, इतिहास, महाराष्ट्र, सगळं आलं. आणि आमच्या हातात असलं की 'डफडं'. वाद्य एकच. जात बदलली की त्याचं लिंग बदलतं, मान बदलतो.

चळवळ वाड्यात आली तशी आमच्या घरात भांडणं लागली. थोरला भाऊ शिकायला बाहेर गेला होता. सुट्टीला आला आणि म्हणाला, ही गुलामीची खूण आहे, जाळून टाका. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायची सोडा म्हणून सांगितलं, महारवाड्यानं सोडली. मग आपण डफडं का सोडत नाही? त्याचं चुकत नव्हतं. बा बराच वेळ गप्प बसला. मग एवढंच बोलला, "जाळायचं तर जाळ. पर हातात बसलंय ते कशानं जाळशील?"

या दोघांतलं खरं कुणाचं, ते मला कित्येक वर्षं सांगता आलं नाही. पुढं लातूरच्या डॉ. जनार्दन वाघमाऱ्यांचं निग्रो साहित्यावरचं लेखन वाचण्यात आलं. त्या वेळी मराठीत निग्रोच म्हणत. आज त्या लोकांना तो शब्द नको आहे, म्हणून मी काळे म्हणेन. त्या वाचनातून मी त्यांच्या संगीताकडं वळलो. जॅझकडं. वाटलं होतं, हे साहेबलोकांच्या हॉटेलातलं नाचाचं संगीत. खोदत गेलो तर खाली आमचीच माती लागली. म्हणून हा लेख. बा आणि भाऊ यांच्या भांडणाचा निकाल मला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स गावाच्या वाटेनं लावायचा आहे.

आधी गुलामीची गोष्ट. १७३९ साली साऊथ कॅरोलिनात गुलामांनी बंड केलं. ते ढोल वाजवत, माणसं गोळा करत निघाले होते. बंड चिरडलं. दुसऱ्याच वर्षी, १७४० ला, मालकांनी कायदा केला आणि गुलामांना ढोल, शिंगं वाजवायला बंदी घातली. ढोल बोलतो, एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात निरोप नेतो, ही भीती. न्यू ऑर्लिन्सला थोडी ढील होती. तिथं १८१७ ला शहरानं ठरवून दिलं की गुलामांनी रविवारी एकाच ठरावीक जागी जमायचं. ती जागा पुढं काँगो स्क्वेअर म्हणून ओळखली गेली. तिथं आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं आठवड्यातून एक दिवस आपले ढोल वाजवत, आपले नाच नाचत.

इथं थांबून विचार करा. तिकडं मालकानं गुलामाच्या हातातला ढोल हिसकावून घेतला. इकडं गावानं आमच्या हातात तो कोंबला आणि सांगितलं, वाजवणं हाच तुझा धर्म, नाही वाजवलंस तर बलुतं बंद. वरवर उलट्या गोष्टी. पण आत एकच आहे. कधी वाजवायचं, कुठं वाजवायचं, कुणासाठी, हे वाजवणाऱ्यानं ठरवायचं नाही. ठरवणारा दुसराच.

१८६१ ते ६५ च्या यादवी युद्धानंतर गुलामी कायद्यानं गेली. लष्करी बँडांची जुनी पितळी वाद्यं स्वस्तात मिळू लागली. काळ्या लोकांनी ती घेतली. त्यांच्या मंडळ्या असत, वर्गणी काढून एकमेकांच्या आजारपणाला, मयताला मदत करणाऱ्या. मंडळीतला कुणी मेला की बँड लागायचा. जाताना संथ, रडवेली भजनं. माती देऊन परतताना मात्र तोच बँड उडत्या चालीवर यायचा आणि मागं अख्खी वस्ती नाचत यायची. मेलेला सुटला, या जगाच्या जाचातून मोकळा झाला, म्हणून. आपल्याकडं मयतापुढं हलगी वाजते ती ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

या गावात काळ्यांमध्येही दोन थर होते. एक क्रिओल. फ्रेंच, स्पॅनिश रक्ताची मिसळ झालेले, थोडे उजळ. शिकलेले, नोटेशन वाचून वाजवणारे. ते स्वतःला वरचे समजत. दुसरे वरच्या अंगाच्या वस्तीतले काळे हमाल, गवंडी, गोदीकामगार. ते कानानं वाजवत. १८९० च्या दशकात लुइझियानात वेगळं ठेवण्याचे कायदे कडक झाले. होमर प्लेसी नावाचा याच गावचा क्रिओल १८९२ ला गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून पकडला गेला. १८९६ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की वेगळं ठेवलं तरी समान असू शकतं. या तडाख्यात क्रिओलांचा वरचेपणा गेला. कायद्यानं दोघांनाही एकाच कुंपणात लोटलं. मग वाचून वाजवणारा आणि कानानं वाजवणारा एका बँडमध्ये बसले. जॅझ घडण्यामागं हे एक मोठं कारण आहे.

आपल्या वस्त्यांकडं बघा. महारवाडा एका अंगाला, मांगवाडा दुसऱ्या अंगाला. महारांनी काम सोडलं की गावानं ते मांगाच्या गळ्यात बांधायचं आणि दोघांत लावून द्यायचं. आपल्यालाही कुंपण एकच आहे. पण आपण अजून एका बँडमध्ये बसलेलो नाही.

जॅझच्या पहिल्या राजाचं नाव बडी बोल्डन. जन्म १८७७. कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचा बुटका भाऊ. त्याचा आवाज लांबवर जाई म्हणून त्याच्या गोष्टी सांगतात. पण १९०७ ला त्याला वेड्यांच्या इस्पितळात घातलं. तिथंच चोवीस वर्षं राहून १९३१ ला तो मेला. बेवारशांच्या, गरिबांच्या दफनभूमीत पुरला, कबरीवर नावही नव्हतं. त्याच्या वाजवण्याची एकही तबकडी शिल्लक नाही. जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ ला, आणि ती काढली गोऱ्यांच्या बँडनं. त्या बँडचा म्होरक्या निक लारोका पुढं सांगत फिरला की जॅझ गोऱ्यांनीच शोधला, काळ्यांचा त्यात काही संबंध नाही. १९३० ला 'किंग ऑफ जॅझ' नावाचा सिनेमा आला. त्यातला राजा पॉल व्हाइटमन. तोही गोरा.

ज्यांनी घडवलं ते बेवारस, आणि ज्यांनी उचललं ते राजे. असं आपल्याकडं कुठं कुठं झालं, याची यादी वाचकांनीच करावी.

आता लुई आर्मस्ट्राँगची गोष्ट ऐका. जन्म ४ ऑगस्ट १९०१. न्यू ऑर्लिन्सच्या अगदी खालच्या वस्तीत. बाप सोडून गेलेला. आई लोकांच्या घरी कामं करायची. पोरगा लहानपणीच कार्नोफ्स्की नावाच्या ज्यू कुटुंबाच्या गाडीवर भंगार गोळा करायला, कोळसा विकायला जायचा आणि गिऱ्हाईक बोलवायला पत्र्याचा भोंगा फुंकायचा. त्याच कुटुंबानं उसने दिलेल्या पैशांतून त्यानं पहिलं जुनं कॉर्नेट घेतलं. १९१२ चं साल संपताना, ३१ डिसेंबरच्या रात्री, त्यानं गंमत म्हणून हवेत पिस्तूल उडवलं. पोलिसांनी धरलं आणि काळ्या पोरांच्या सुधारगृहात टाकलं. तिथं पीटर डेव्हिस नावाच्या मास्तरानं त्याला बँडमध्ये घेतलं. आधी बिगुल, मग कॉर्नेट. बाहेर आल्यावर कोळशाची गाडी ओढली, नदीतल्या बोटींवर वाजवलं. १९२२ ला त्याचा गुरू किंग ऑलिव्हर यानं त्याला शिकागोला बोलावून घेतलं. १९२५ पासून त्यानं स्वतःच्या नावावर तबकड्या काढल्या. तोवर जॅझमध्ये सगळे मिळून वाजवत. एका माणसानं पुढं येऊन आपलं एकट्याचं म्हणणं मांडायचं, ही गोष्ट त्यानं मोठी केली. सुधारगृहातल्या पोरानं जगाला 'मी' म्हणायला शिकवलं.

पण 'मी' म्हणणाऱ्याला दार कुठलं? बिली हॉलिडे ही मोठी गायिका. १९३८ ला ती आर्टी शॉ या गोऱ्याच्या बँडबरोबर गात होती. न्यू यॉर्कच्या हॉटेलात गाणं तिचं, नाव तिचं, पण तिला सामानाच्या लिफ्टनं वर जायला सांगितलं. गिऱ्हाइकांना काळी बाई पुढच्या दारानं येताना दिसू नये म्हणून. तिनं तो बँड सोडला. दुसऱ्याच वर्षी, १९३९ ला, ती एक गाणं गायला लागली. झाडाला टांगून मारलेल्या काळ्या माणसांवरचं. ते लिहिलं होतं एबल मिरोपोल या ज्यू मास्तरानं. तिच्या तबकडी कंपनीनं ते काढायला नकार दिला, तेव्हा तिनं एका लहानशा कंपनीकडून काढून घेतलं. पुढं १९५९ च्या ऑगस्टमध्ये माइल्स डेव्हिस न्यू यॉर्कच्या एका क्लबाबाहेर मोकळ्या हवेत उभा होता. बाहेरच्या पाटीवर त्याचंच नाव लावलेलं. पोलीस म्हणाला, चल, हट इथून. तो हटला नाही, तर डोकं फोडलं. आत त्याच्या नावावर तिकिटं खपत होती आणि बाहेर त्याच्या डोक्यातून रक्त वाहत होतं.

मांडवाच्या बाहेर जेवणारा माझा बा मला इथं पुन्हा भेटला.

अशा अमेरिकेतून काही काळे वादक मुंबईत आले. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी हा व्हायोलिन वाजवणारा काळा माणूस आपला अख्खा काळा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात उतरला. त्याच्यानंतर क्रिकेट स्मिथ नावाच्या ट्रंपेटवाल्यानं तिथं बँड चालवला. टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला. जन्म १९०३, व्हर्जिनियातल्या पोकाहोंटस गावचा. शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर एका बँडमध्ये वाजवलेला. तो १९२६ ला आशियात आला आणि शांघाय, मुंबई, कोलंबो असा फिरत राहिला. युद्धाच्या वर्षांत तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवत होता. १९४५ च्या एप्रिलमध्ये तिथंच पटकीनं मेला. चाळीसएक वर्षांचा माणूस. हे लोक इतक्या लांब का आले? इथं त्यांना मोठ्या हॉटेलात पगार होता, नाव होतं, आणि आपल्या देशातला रोजचा वर्णभेद काही काळ मागं टाकता येत होता.

आणि ते साल बघा. १९३५. त्याच सालच्या १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. काही आठवड्यांनी मुंबईत काळ्यांचा बँड ताजच्या नाचघरात वाजू लागला. एकीकडं अमेरिकेतला अस्पृश्य आपल्या देशात थोडा मोकळा श्वास घ्यायला आलेला आणि दुसरीकडं आपल्या देशातला अस्पृश्य धर्म सोडायला निघालेला. दोघांची गाठ पडली नाही. बाबासाहेबांना मात्र तिकडचं सगळं ठाऊक होतं. १९१३ ते १६ ते न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते आणि काळ्यांचं हार्लेम तिथून जवळच. १९४६ ला त्यांनी काळ्यांचे मोठे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं, आपल्या दोघांच्या स्थितीत फार साम्य आहे असं कळवलं आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. म्हणजे पत्राचा, पुस्तकाचा, संघटनेचा धागा आपण जोडला. वाद्याचा धागा मात्र आपल्या नकळत जोडला गेला. तो गोव्याच्या माणसांनी आणला.

पोर्तुगीजांच्या गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवत. देव बदलला तरी जात सुटली नव्हती. चर्चमधल्या मंडळ्यासुद्धा जातवार होत्या. पोट भरायला हे लोक मुंबईत येत. त्यांनी ताजमधल्या काळ्या वादकांचं ऐकलं, काहींनी त्यांच्या बँडमध्येच वाजवलं. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, हा त्यांतला एक. त्याचं धंद्यातलं नाव चिक चॉकलेट. ट्रंपेट वाजवायचा, आर्मस्ट्राँगसारखा घोगरा गायचा, हातात तसाच रुमाल धरायचा. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत.

१९४९ ला मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. हॉटेलातली नाचगाणी बसली, वादकांचं काम गेलं. सिनेमाच्या स्टुडिओत मात्र काम होतं. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. आता ती पन्नास वादकांना एकदम कशी वाजवायला लावायची? सगळ्यांना तोंडी सांगणं शक्य नाही. तिथं स्वरलिपी लिहिणारा लागतो. व्हायोलिननं काय वाजवायचं, ट्रंपेट कधी घुसायचं, मधल्या जागा कशा भरायच्या, हे कागदावर लिहून द्यायचं काम गोवेकर अरेंजर करत. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. पडद्यावर नाव यायचं संगीतकाराचं. यांचं आलं तर 'सहाय्यक' म्हणून बारीक अक्षरात, नाहीतर नाहीच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मोठे व्हायोलिनवादक आणि मोठे गुरू. १९७७ ला त्यांचं नाव देशभर गाजलं, पण ते सिनेमातल्या एका गमतीच्या गाण्यातून. ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी घातलं होतं. गाणं म्हणणाऱ्या लाखोंना हा माणूस खरा आहे, हेसुद्धा ठाऊक नव्हतं. २०१२ ला ते वारले.

१९५१ चा 'अलबेला'. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे आपले रामचंद्र चितळकर. नाचणारा, दिग्दर्शन करणारा भगवानदादा पालव, गिरणी कामगाराचा पोरगा. आणि ट्रंपेट चिक चॉकलेटचं. झालरीचे कपडे घालून त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. भगवानदादाचा तो सैल अंगाचा, खांदे हलवत पुढंमागं सरकायचा नाच गिरणगावच्या गल्लीत उतरला, तिथून गणपतीच्या मिरवणुकीत, तिथून खेड्यापाड्यात. चिक १९६७ ला गेला. भगवानदादाचा जुहूचा मोठा बंगला गेला आणि तो परत चाळीत येऊन राहिला. २००२ ला तिथंच संपला.

आम्ही 'अलबेला' जत्रेतल्या तंबूत पाहिला, फार उशिरा, तुटक्या रिळांवर. पण त्याच्या चाली त्याआधीच आमच्या वाड्यात पोचल्या होत्या. वाड्यातल्या पोरांनी सोलापुरातून वापरलेली ट्रंपेट, क्लॅरिनेट आणून बँड काढला होता. स्वरलिपी कुणालाच येत नव्हती. रेडिओवर ऐकायचं, तोंडानं म्हणायचं, बोटं शोधायची. बोल्डनच्या वस्तीत वाजवत तसंच. बा हलगी घेऊन त्यांच्या पुढं. म्हणजे बघा, न्यू ऑर्लिन्सच्या काळ्यांचा सूर ताजच्या नाचघरात आला, गोवेकराच्या फुंकरीतून स्टुडिओत गेला, भगवानदादाच्या कमरेतून गिरणगावात उतरला आणि जळकोटच्या पाटलाच्या वरातीत एका मांगाच्या तोंडून निघाला. फुंकणाऱ्याला ठाऊक नाही, नाचणाऱ्याला ठाऊक नाही. आणि फुंकून झालं की तोंड पुसून पुन्हा मांडवाबाहेर. पुढं आपल्या गावोगाव 'बेंजो पार्टी' निघाल्या. त्यांतलं कळा दाबून वाजवायचं वाद्य खरं तर बुलबुलतरंग. पण बँजो हे नाव ज्या वाद्याचं, ते आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांनी अमेरिकेत घडवलं. नावसुद्धा गुलामाकडूनच गुलामाकडं आलं.

१९७८ साल. त्या फेब्रुवारीत मुंबईच्या धोबीतलावला रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' झाली. सॉनी रोलिन्ससारखा काळा सॅक्सोफोनवाला येऊन वाजवून गेला. मुंबईनं डोक्यावर घेतलं, चांगलंच केलं. त्याच साली २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ऑगस्टमध्ये हालहाल करून मारलं. ते मांग होते. ज्यांना वाटतं की नामांतर एकाच जातीचा प्रश्न होता, त्यांनी हे नाव पाठ करावं. त्या पावसाळ्यात आमच्या वाड्यात कुणी हलगी शेकली नाही. जाळ पेटवायचीच भीती होती. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला.

आता निकालाकडं येतो. काळ्या वादकांनी वाद्य टाकून दिलं नाही. मग केलं काय? त्यांनी अटी बदलल्या. १९५६ ला लुइझियाना राज्यानं काळ्या-गोऱ्यांनी मिळून कार्यक्रम करायला बंदी घातली. आर्मस्ट्राँगच्या बँडमध्ये दोन्ही रंगांची माणसं होती. त्यानं स्वतःच्या जन्मगावात वाजवणं सोडलं आणि कायदा गेल्यावर, १९६५ लाच, तो परत तिथं वाजवायला गेला. १९५७ च्या सप्टेंबरात लिट्ल रॉक गावी काळ्या पोरांना शाळेच्या दारात अडवलं. सरकार आर्मस्ट्राँगला रशियाच्या दौऱ्यावर पाठवणार होतं. त्यानं नकार दिला आणि राष्ट्राध्यक्षालाही सुनावलं. लोक त्याला गोऱ्यांपुढं दात काढणारा म्हणून हिणवत होते; त्याच माणसानं हे केलं. त्याच लिट्ल रॉकच्या गव्हर्नरवर चार्ल्स मिंगसनं एक रचना केली. मोठ्या कंपनीनं १९५९ ला ती शब्दांशिवाय काढली, तर त्यानं १९६० ला दुसरीकडून शब्दांसकट काढली. ढोल वाजवणाऱ्या मॅक्स रोचनं त्याच साली स्वातंत्र्यावर अख्खी तबकडी काढली. ज्या ढोलावर १७४० ला बंदी घातली, तो २२० वर्षांनी काय बोलायला लागला बघा.

आपल्याकडं असं झालंच नाही, असं नाही. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी तमाशाचा ढाचा घेतला, त्यातला थिल्लरपणा काढला, त्यात बाबासाहेबांचा विचार घातला आणि आंबेडकरी जलसा उभा केला. वाटेगावच्या मांगवाड्यातले अण्णा भाऊ साठे पायी मुंबईला आले आणि १९४४ ला बार्शीच्या अमर शेखांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. ज्या डफावर आम्ही हुकुमानं थाप मारत होतो, त्याच डफावर अण्णा भाऊंनी कामगाराचं दुःख मांडलं. वाद्य जुनंच. हुकूम तेवढा बदलला.

म्हणून मी आज म्हणतो, भाऊ बरोबर होता. गावकीचं वाजवणं बंद झालंच पाहिजे होतं. बलुत्याच्या पेंढीसाठी, शिळ्या भाकरीसाठी, मरीआईच्या रेड्यापुढं, कुणी दरडावलं म्हणून, हे सगळं वाजवणं जाळायच्याच लायकीचं होतं. आणि बाही बरोबर होता. हातात जे बसलंय ते गावानं दिलेलं नाही. गावानं फक्त काम लादलं. ताल आमच्या माणसांनी घडवला, रात्र रात्र वाजवून, बोटं फोडून. तो जाळला तर आपल्याच पूर्वजांची अक्कल जाळल्यासारखं होईल.

पुढं वाड्यातल्या पोरांनी हेच केलं. बँडचा दर ठरवला, आगाऊ रक्कम घेतल्याबिगर निघायचं नाही. जेवण मांडवात, सगळ्यांबरोबर, नाहीतर डबा घरून. गाडीवर बँडचं नाव आणि खाली वाजवणाऱ्यांची नावं. पहिल्या वर्षी चार सुपाऱ्या गेल्या. गावानं परगावचा बँड आणला. तिसऱ्या वर्षी परत आमच्याच दारात आले, कारण तसं वाजवणारे दुसरे नव्हते. बा तेव्हा थकला होता. पण त्या वर्षी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत त्यानं हलगी शेकली. महारवाडा आणि मांगवाडा त्या दिवशी एका रस्त्यावर होते. बाच्या शेजारी महारवाड्यातला एक पोरगा साईड ड्रम वाजवत होता. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी दरडावलं नव्हतं. भाऊ पुढं झेंडा घेऊन चालत होता. तो एकदाही मागं वळून 'बंद कर' म्हणाला नाही.

एक काम राहिलंय. मुंबईच्या जॅझवाल्यांची नावं नरेश फर्नांडिस यांनी २०१२ ला पुस्तकात आणली. आपल्या देशातल्या लग्नाच्या बँडवाल्यांवर ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी अभ्यासकानं २००५ ला अख्खं पुस्तक लिहिलं. लांबून येऊन माणसं लिहून जातात आणि आपण आपल्या शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याला विचारत नाही, की तू हे कुणाकडून शिकलास? बोल्डनची तबकडी राहिली नाही. आमच्या बाचीही नाही. पण तुमच्या गावात अजून कुणीतरी वाजवणारा असेल. त्याच्याकडं जा. त्याच्या गुरूचं नाव विचारा, गुरूच्या गुरूचं विचारा, चालींची नावं विचारा, किती पैसे मिळायचे, कुठं बसवून जेवायला घालायचे, सगळं विचारा. लिहून घ्या आणि या पत्त्यावर पाठवा. स्टेन्सिलवर कोरायचं काम आम्ही करू.